कुलूप न दिसणारी पेढी

दुकाने व कचेऱ्या बाहेरून कशा दिसाव्यात, हे शहरांत नगरपालिकांचे नियम ठरवितात. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, व्यापारी इमारतींच्या तळमजल्यास पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी असावी, असा दंडक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालण्यात आला. सोनईनजीकच्या शनिशिंगणापुरात मात्र दंडक श्रद्धेचा! शनिदेव गावाचे रक्षण करितात, म्हणून तेथील घरांना परंपरेने चौकट असते, दार नसते. कुत्री आत शिरू नयेत म्हणून रात्री फार तर एखादी फळी टेकवून ठेवावी. २०११ साली तेथे युको बँकेची शाखा निघाली. लोकांचा पैसा तर सांभाळावयाचा, आणि कुलूप तर दिसू द्यावयाचे नाही! अखेर बँकेने पारदर्शक काचेचे दार बसविले व दुरून चालणारे विद्युत्-चुंबकीय कुलूप सहसा दृष्टीस पडू नये, अशा बेताने लाविले.