आधी पाठ, मग छाती
(लेखमाला : अंग कमावताना, भाग 7)

गेल्या भागात बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट दाखवणारा घट्ट कपडा, कसा घालावा आणि कधी काढून ठेवावा ते पाहिलं. त्याच्या पाठोपाठ येणारा ट्रान्स पुरुषांचा प्रश्न ठरलेला असतो: टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करून घेण्याची शस्त्रक्रिया, अजून लांब आहे, तोवर जिम लावून छाती कमावली तर उपयोग होईल का? होईल. पण बहुतेक जण ज्या आशेने जिम लावतात, त्यासाठी नाही.

स्तन म्हणजे ग्रंथी आणि चरबी. तो स्नायू नव्हे, म्हणून बेंच प्रेस मारून तो झिजत नाही. वजन उतरलं तर चरबी थोडी कमी होते, ग्रंथी मात्र जागच्या जागी. उलट मागचा स्नायू भरला की पुढचा भाग काही काळ जास्तच पुढे आल्यासारखा दिसतो. मेहनत करून आरशात हे दिसलं की माणूस खचतो. आधीच माहीत असलेलं बरं.

मग उपयोग कशाचा? नमस्काराला जोडतो तसे तळवे जोडा, कोपरं उचला आणि तळव्यावर तळवा जोरात दाबा. छातीत जो कडक होतो तो पेक्टोरॅलिस मेजर. कॉलर बोन, छातीचं मधलं हाड आणि वरच्या बरगड्या इथून निघून तो दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. त्याची खालची कड बोटाने चाचपता येते. काखेकडे जाताना ती वर वळते. शस्त्रक्रियेच्या आधी सर्जन तुम्हाला उभं करून किंवा ताठ बसवून मार्करने छातीवर रेघा मारतात, तेव्हा ही कड त्यांना हवी असते. छाती मोठी असेल तर सहसा डबल इन्सिजन करतात. त्यात काप शक्यतो या कडेच्या सावलीत बसवतात आणि स्तनाग्र सुटं काढून, लहान करून, नव्या जागी कलम लावतात. ती जागा ठरवतानाही स्नायूची बाहेरची कड बघतात. छाती लहान आणि कातडी घट्ट असेल, तर स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या काठाशी छेद घेऊनही आतला भाग काढता येतो. दोन्हींत काढायचं ते स्नायूच्या वरचं. स्नायू राहतो तसाच राहतो. तो ठळक असला तर सर्जनचं काम सोपं होतं, एवढंच. नसला तरी शस्त्रक्रिया होते. छाती अमुक इंच झाल्याशिवाय डॉक्टरकडे जायचंच नाही, असं धरून बसलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता माझं मत. छातीपेक्षा पाठीकडे आधी बघा. वर्षानुवर्षं बाइंडर, त्यावर ढगळ शर्ट आणि कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून खांदे पुढे काढून चालणं. यात छातीचे स्नायू आखडतात आणि पाठीचे ढिले पडतात. अशा अंगावर नुसती बेंच प्रेस लादली की खांदे आणखी पुढे येतात. म्हणून छातीचा एक सेट, तर पाठीचे दोन: रोइंग, लॅट पुलडाउन. छाती सपाट झाल्यावरही कुबड तसंच राहिलं तर शर्ट अंगावर बसणार नाही.

हे करायचं कुठे, हा आमच्या दहिसरमध्ये व्यायामापेक्षा अवघड प्रश्न. दुपारची लेडीज बॅच नको आणि संध्याकाळच्या गर्दीत कपडे बदलायला आडोसा नाही. अशांनी आपल्या तालमीतले जोर काढावेत. छाती, खांदे, दंड सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावणारा दुसरा इतका स्वस्त व्यायाम मला माहीत नाही. पाठीसाठी खिडकीच्या पक्क्या ग्रिलला रबरी बँड बांधून ओढता येतो. बाइंडर मात्र काढून ठेवा. त्यात बरगड्या पुऱ्या फुलत नाहीत, आणि मे महिन्यात दहिसरच्या घामट हवेत जोर काढताना श्वास कमी पडला तर चक्कर यायला वेळ लागत नाही. स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल टी-शर्ट पुरे.

खाण्याचं सांगायचं तर वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला नव्वद. मटकीच्या उसळीवर एवढी भरत नाहीत. अंडी, पनीर किंवा सोयाबीन लागतं. टेस्टोस्टेरॉन चालू असेल तर स्नायू लवकर धरतो, पण ते एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायचं असतं, कारण त्याने रक्त दाट होऊ शकतं. जिममधल्या कुणीतरी पुढे केलेली कुपी घ्यायची नाही. तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या निदान चार-सहा आठवडे आधी बंद. कलम जगतं ते रक्तपुरवठ्यावर.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे जड उचलणं नाही, हात खांद्याच्या वर नेणं नाही. टाके ताणले की व्रण रुंद होतो. चर्चगेट लोकलमध्ये दांडीला लोंबकळणं म्हणजे नेमकं तेच, म्हणून रजा आधीच मागून ठेवावी. रजा मिळवणं किती जड जाऊ शकतं ते माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावरून कळतं. त्यांची वैद्यकीय गोष्ट निराळी होती, पण 2017 मध्ये शस्त्रक्रियेसाठी मागितलेली महिन्याभराची रजा नाकारल्यावर त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली ती मे 2018 मध्ये.

छातीचा भारी व्यायाम सहसा दोनेक महिन्यांनी, तोही सर्जनने हो म्हटल्यावर. तोवर थोडा स्नायू उतरतो. घाबरायचं कारण नाही. एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर भरतो. दिल्लीचे आर्यन पाशा 2018 साली मसलमेनिया इंडिया या शरीरसौष्ठव स्पर्धेत मेन्स फिजिक प्रकारात दुसरे आले, तेव्हा त्यांच्या शस्त्रक्रियेला काही वर्षं उलटून गेली होती.

पुढच्या भागात व्रणांची निगा: सिलिकॉनची पट्टी कधीपासून लावायची, आणि ऊन का टाळायचं.