चीज नाही, बटर नाही, दूधही नाही. तरीही पास्ता क्रीमी कसा होतो? अर्ध्या तासात अख्ख्या घराचं व्हीगन जेवण

आपल्याकडे पास्ता म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो व्हाइट सॉस. मैदा, बटर, दूध आणि वरून किसलेलं भरपूर चीज. त्यामुळे घरात एखाद्याने दूध सोडलं की पहिला प्रश्न हाच पडतो, आता पास्ता बंद का?

दूध सोडण्याची कारणं वेगवेगळी असतात. काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही. काहींना दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असते, तर काही जण प्राण्यांचा विचार करून व्हीगन होतात. कारण कुठलंही असो, बहुतेक घरांत एकाच तोडग्यावर गाडी थांबते, त्या माणसासाठी वेगळं पातेलं. रोज वेगळं शिजवणारा दमतो आणि वेगळं जेवणारा एकटा पडतो. म्हणूनच सगळ्यांनी एकाच पातेल्यातून वाढून घ्यावं, असा पदार्थ हवा.

पास्ता मुळात व्हीगनच

पाकिटातला सुका पास्ता बहुतेक वेळा फक्त दोन गोष्टींचा असतो, ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. आपल्याकडचा बन्सी गहूही याच ड्युरम जातीतला. अंडं घातलेला पास्ताही मिळतो, म्हणून पाकीट वाचायला हवं.

दक्षिण इटलीत लसूण आणि ऑलिव्ह तेलातला 'आल्यो ए ओलिओ', टोमॅटोतला पास्ता, छोले घातलेला पास्ता हे साधे घरगुती पदार्थ. चीज परवडत नसे तेव्हा तिथले लोक शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस भाजून पास्त्यावर भुरभुरत. आजही तिथे ती पद्धत आवडीने पाळली जाते.

क्रीमीपणा येतो कुठून?

दोन गोष्टींतून. पहिली म्हणजे काजू. भिजवलेले काजू वाटले की त्यातली चरबी, प्रथिनं आणि स्टार्च पाण्यात मिसळून दाट, मऊ पेस्ट तयार होते. हॉटेलातल्या पंजाबी ग्रेव्हीचं रहस्य हेच. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेलं काजूचं झाड गोवा आणि कोकणात असं रुजलं, की आता ते परकं वाटतच नाही.

दुसरी गोष्ट आपण बेसिनमध्ये ओतून देतो, पास्ता उकडलेलं पाणी. त्यात पास्त्यातला स्टार्च उतरलेला असतो. हा स्टार्च तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाही, त्यामुळे सॉस पास्त्याला धरून राहतो.

चार जणांसाठी काय लागेल?

- सुका पास्ता 320 ग्रॅम
- लाल, पिकलेले टोमॅटो 6
- काजू 20 ते 25
- कांदा 1, लसूण 8 पाकळ्या, गाजर 1
- उकडलेले छोले 1 वाटी
- तेल 3 मोठे चमचे, मीठ, मिरपूड
- शिळ्या पावाचे 2 स्लाइस

कृती

1. काजू गरम पाण्यात 15 मिनिटं भिजत घाला. शेजारच्या शेगडीवर 3 लिटर पाणी उकळत ठेवा.
2. कढईत 2 चमचे तेलावर लसूण आणि कांदा परता. टोमॅटो, गाजराचे बारीक तुकडे आणि मीठ घालून झाकण ठेवा. 10 ते 12 मिनिटांत सगळं मऊ होतं.
3. पाण्याला उकळी आली की दीड मोठा चमचा मीठ आणि पास्ता घाला. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या 2 मिनिटं आधी गॅस बंद करा. गाळण्यापूर्वी 1 कप पाणी बाजूला काढा.
4. पास्ता शिजेपर्यंत टोमॅटोचं मिश्रण थोडं निववून काजूंसोबत वाटून घ्या. कडकडीत गरम मिश्रण मिक्सरमध्ये घालू नका, वाफेच्या दाबाने झाकण उडू शकतं.
5. सॉस पुन्हा कढईत ओता. छोले, पास्ता आणि राखून ठेवलेलं अर्धा कप पाणी घालून 2 मिनिटं मोठ्या आचेवर हलवा. घट्ट वाटलं तर आणखी पाणी घाला.
6. पावाचा चुरा उरलेल्या तेलात कुरकुरीत भाजून वरून पेरा.

गाजर सॉसमध्ये वाटलं जातं, त्यामुळे भाजी बघून नाक मुरडणारी मुलंही मुकाट खातात. चिली फ्लेक्स कढईत न घालता ताटाशेजारी ठेवले, तर आजी-आजोबा आणि मुलं आपापल्या बेताने तिखट घेऊ शकतात.

हिरवा ठिपका पाहून फसू नका

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी. व्हीगन असेलच असं नाही, कारण दूध आपल्याकडे शाकाहारातच मोजलं जातं. इन्स्टंट पास्त्याच्या मसाल्यात दूध पावडर किंवा चीज पावडर असू शकते, काही पावांतही दूध असतं. व्हीगन पदार्थांसाठी 'एफएसएसएआय'चं वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आहे आणि त्यासाठीचे नियम 2022 साली आले.

हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. लॅक्टोज न पचणाऱ्याला चुकून थोडं दूध गेलं तर बहुधा पोट बिघडण्यावर भागतं. दुधाची अॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र तेवढंच दूध गंभीर ठरू शकतं. काजूची अॅलर्जी असेल तर काजूऐवजी नारळाचं दूध किंवा शिजवलेला लाल भोपळा वापरता येतो.

पोषणाचं काय?

पास्त्यातला गहू आणि छोल्यातलं कडधान्य ही जोडी वरण-पोळीसारखीच, प्रथिनांच्या बाबतीत एकमेकांची उणीव भरून काढते. टोमॅटो तेलात शिजवल्याने त्यातलं लायकोपीन शरीरात जास्त सहज शोषलं जातं.

एका जेवणातून दूध वगळल्याने काही बिघडत नाही. पण जो कायमचा व्हीगन झाला आहे, त्याने बी12कडे लक्ष द्यायलाच हवं. शाकाहारी माणसाला हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं. ते बंद झालं की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा बी12 मिसळलेले पदार्थ घ्यावे लागतात. मुलांच्या बाबतीत कॅल्शियमचाही विचार करावा.

तसं पाहिलं तर तुपाशिवायची आमटी, तेलातलं पिठलं आणि भाकरी हेही व्हीगनच. आपण त्यांना कधी तसं म्हटलं नाही, इतकंच. त्याच पंगतीत आता पास्ताही बसू शकतो, आणि वेगळ्या पातेल्याची गरज उरत नाही.