ताप उतरला, पण वजनाचं काय?

आज आजारपणावर बोलणार आहे, पण मी डॉक्टर नाही. फौजेत होतो. रसद तुटली की काय होतं ते तिथे शिकलो, त्यामुळे हा विषय मला त्याच बाजूने कळला.

वर्ष-दीड वर्षाचं मूल जुलाब किंवा न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल होतं. केसपेपरवर जुलाब किंवा न्यूमोनिया लिहिलं जातं. दंड किती बारीक आहे, हे पुष्कळदा कुणी लिहीतच नाही. आणि मूल वाचणार की नाही हे बरंचसं त्या दंडावर ठरतं.

वेढा पडलेला गड डोळ्यांपुढे आणा. ताप आला की शरीराचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी भूक मरते, म्हणजे आवक बंद. जुलाबात आतड्याचं अस्तर दुखावतं, पोटात गेलेलंही अंगी लागत नाही. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. वेढा उठेपर्यंत कोठार रिकामं झालेलं असतं आणि तेवढ्यात पुढचा आजार दारात येतो. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात हे चक्र मांडलं. यातले कार्ल टेलर आपल्याकडेच जन्मले, आणि लुधियानाजवळच्या नारंगवालमध्ये त्यांनी याच प्रश्नावर काम केलं.

आता खरी फसवी गोष्ट. अतिकुपोषित मुलाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. पहारेकरीच उपाशी, शिंग कोण फुंकणार? म्हणून दाखल झालेल्या अशा मुलाला ताप नसला तरी प्रतिजैविकं देतात. त्याचं अंग गार पडतं, रक्तातली साखर उतरते, म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडंथोडं भरवावं लागतं. सलाईन भराभर चढवलं तर अशक्त हृदयाला ते पेलत नाही. आजीला वाटतं, ‘एवढं हाडाचं पोर, आणि हे वाटीभर पातळ दूध देतात!’ पण ते मुद्दाम असतं. सुरुवातीच्या त्या दुधाला एफ-75 म्हणतात. 100 मिलिलीटरमध्ये 75 कॅलरी, प्रथिनं बेताची. मूल स्थिरावलं की एफ-100. उपाशी शरीरावर पहिल्याच दिवशी भरपूर अन्न लादलं तर तेच जिवावर बेतू शकतं.

हे थोड्या मुलांचं दुखणं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 19.3 टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश निघाली, 7.7 टक्के अतिकृश. ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतिकुपोषित. दोन्ही पावलांवर सूज असेल तरीही. अशी मुलं गुबगुबीत दिसतात, तिथे घरचे हमखास फसतात.

मला सर्वात अस्वस्थ करतं ते पुढचं. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सहा देशांत, त्यात आपले शेजारी बांगलादेश आणि पाकिस्तान होते, आजारी पडून दाखल झालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांचा पाठपुरावा झाला. जी दगावली त्यांतली जवळपास निम्मी डिस्चार्जनंतर, सहा महिन्यांच्या आत गेली. ज्या कागदावर ‘बरा झाला’ असं लिहिलं जातं, त्याची किंमत यावरून ठरवा.

तेव्हा तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की हैदराबादला, घरी निघताना दोन प्रश्न विचारा: आज वजन किती, दंड किती? दंड कमी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी मागा, आणि जवळच्या अंगणवाडीत वजनाची नोंद चालू ठेवा. आजारात लंघन नको. अंगावरचं दूध थांबवायचं नाही, आणि बरं झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक खाणं जास्तीचं: मऊ खिचडी, वर तूप. जुलाबावर दिलेलं झिंक 14 दिवसांचं असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी उरलेले अकरा दिवस ते द्यायचंच असतं.