मोजायच्या फेऱ्या, न मोजायच्या फेऱ्या

मुंबईच्या रे रोड स्टेशनचा मोटारींशी काय संबंध, असं विचारलं तर बहुतेक जण दारूखान्यातल्या भंगाराकडे बोट दाखवतील. पण स्टेशनच्या दोन्ही अंगांना जरा बघा. दक्षिणेला माझगाव. तिथे महिंद्रांनी १९४९ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. उत्तरेला कॉटन ग्रीन ओलांडलं की शिवडी. तिथे १९२८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला. जनरल मोटर्सने १९५० च्या दशकात गाशा गुंडाळला, महिंद्रा टिकले. इतकेच नव्हे, तर २०१४ साली विजेवरच्या गाड्यांची ‘फॉर्म्युला ई’ ही जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा संघांत महिंद्रा रेसिंग होता. त्या वर्षी १३ सप्टेंबरला बीजिंगच्या पहिल्या शर्यतीत करुण चंढोक आणि ब्रुनो सेन्ना त्यांच्या गाड्या चालवत होते.

आता हा आपला संघ म्हणून कौतुकाने टीव्ही लावावा, तर पाचव्या मिनिटाला नवा प्रेक्षक गोंधळतो. गाड्या नुसत्या गोल फिरताहेत आणि समालोचक आउट लॅप, इन लॅप, फ्लाइंग लॅप असं काहीबाही बोलतोय. गोंधळ होतो, कारण सगळ्या फेऱ्या दिसायला सारख्या. प्रत्येकीला नेमून दिलेलं काम मात्र वेगळं.

शर्यतीआधीच्या पात्रता फेरीपासून सुरुवात करू. गाडी पिटमधून, म्हणजे संघाच्या थांब्यातून, बाहेर पडते ती आउट लॅप. तिची वेळ कुणी विचारत नाही. टायर आणि ब्रेक तापवणं एवढंच तिचं काम. मग येते ती फ्लाइंग लॅप. रेषा पूर्ण वेगात ओलांडून सुरू होणारी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यानंतर पिटकडे परतायची ती इन लॅप. वेगवान गोलंदाजाचा रनअप, चेंडू आणि मार्ककडे परत चालत जाणं, तसाच हा प्रकार आहे. पडद्यावर ट्रॅकचे तीन सेक्टर केलेले दिसतात. सेक्टर जांभळा झाला तर आतापर्यंतची सर्वांत कमी वेळ, हिरवा झाला तर त्या चालकाची स्वतःची सर्वोत्तम, पिवळा राहिला तर दोन्ही नाही. एवढे तीन रंग कळले तरी पात्रता फेरी रंगते, आणि माझ्या मते ती पुष्कळदा शर्यतीपेक्षा जास्त रंगते.

पात्रता फेरीतला लॅप आणि शर्यतीतला लॅप यांची तुलना मात्र करू नये. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रां प्री झाली. सेबास्टियन व्हेटेलने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली ती १ मिनिट २४.१७८ सेकंदांत. दुसऱ्या दिवशी शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, तीही साठाव्या, म्हणजे शेवटच्या लॅपला. पण वेळ १ मिनिट २७.२४९. चालक तोच, गाडी तीच, तरी तीन सेकंदांचा फरक. पात्रतेला टायर कोरे असतात आणि इंधन मोजकंच भरलेलं असतं. शर्यतीत टायर पुरवून वापरावे लागतात. त्याच शर्यतीत आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला, विजेत्याच्या काही फेऱ्या मागे राहून. आघाडीची गाडी पूर्ण एक फेरी पुढे जाऊन मागून येते, तेव्हा मागे पडलेल्याला निळा झेंडा दाखवतात: बाजूला हो, वाट दे. निकालपत्रकात एक फेरी मागे राहिलेल्याच्या नावापुढे वेळेऐवजी ‘+१ लॅप’ असं छापतात.

शर्यत सुरू होण्याआधी सगळे रांगेने एक फेरी मारतात, ती फॉर्मेशन लॅप. तिथे पुढच्याला मागे टाकायचं नसतं, आणि ती मोजतही नाहीत. अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरायला पुढे येणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे रांगत काढलेल्या फेऱ्या मात्र मोजतात. नवख्याला हा अन्याय वाटतो, आणि त्यात थोडं तथ्य आहेच.

पिटमधल्या डावपेचातही फेरीच कळीची. दोघे झिजलेल्या टायरवर एकामागे एक धावताहेत. मागचा आधी पिटमध्ये शिरतो, कोऱ्या टायरवर जोरकस आउट लॅप मारतो. पुढचा एक-दोन फेऱ्यांनी टायर बदलून बाहेर येतो तर हा पुढे निघून गेलेला. याला अंडरकट म्हणतात. पात्रतेत जिला कुणी विचारत नव्हतं, ती आउट लॅप इथे शर्यत फिरवते.

फॉर्म्युला ई मध्ये टायरपेक्षा बॅटरीची चिंता मोठी. सतत पूर्ण जोर लावला तर चार्ज शेवटपर्यंत पुरत नाही. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलून गाडी नुसती वाहू द्यायची, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवायची. दर फेरीचा खर्च रेडिओवरून सांगितला जातो. २०१८-१९ च्या हंगामापासून शर्यत पंचेचाळीस मिनिटं अधिक एक लॅप अशी होती. म्हणजे एकूण फेऱ्या किती, हे आधी कुणालाच ठाऊक नसे!

१६ फेब्रुवारी २०१९, मेक्सिको सिटी. महिंद्राचा पास्काल वेरलाइन पोलवरून निघाला आणि शेवटच्या फेरीतही आघाडीवर होता. मागे लुकास दी ग्रासी टपून. रेषा समोर दिसत असताना वेरलाइनचा चार्ज संपला, आणि काही मीटरांवर दी ग्रासी बाजूने निसटला. फरक ०.२१० सेकंद. वर, वळण कापल्याबद्दल वेरलाइनला पाच सेकंदांचा दंड झाला आणि तो सहाव्या क्रमांकावर घसरला.

दोन वर्षांनी व्हॅलेन्सियात याहून मोठा तमाशा झाला. सेफ्टी कार पुनःपुन्हा आली, आणि नियमानुसार दर वेळी सगळ्यांच्या वापरायच्या विजेत कपात होत गेली. अखेर आघाडीच्या अंतोनियो फेलिक्स दा कोस्ताने घड्याळात काही सेकंद उरले असताना रेषा ओलांडली. वेळ संपली नव्हती, म्हणून आणखी एक फेरी वाढली. तेवढी वीज बहुतेकांकडे नव्हती. निक दे व्रीस जिंकला. मागे गाड्या एकेक करून थंडावल्या.

२०२२-२३ पासून घड्याळ काढून टाकलं. आता फेऱ्यांची संख्या आधी जाहीर होते, आणि सेफ्टी कारमध्ये वेळ गेला तर वर काही फेऱ्या जोडता येतात. त्याच हंगामात, ११ फेब्रुवारी २०२३ ला, हैदराबादच्या हुसेन सागराकाठी महिंद्राला पहिल्यांदा घरच्या रस्त्यावर धावायला मिळालं. जिंकला जाँ-एरिक व्हेर्न. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली.