मेंदूचीही बायपास होते!

हृदयाची बायपास आता गावोगावी माहीत आहे. मेंदूचीही होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

कानाच्या पुढे बोट ठेवल्यावर उडताना जाणवते ती धमनी डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवते. शल्यविशारद ती मोकळी करतात, कवटीला लहानशी खिडकी पाडतात आणि मेंदूवरच्या मिलिमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिनीला केसाहून बारीक धाग्याने जोडतात. अडथळ्याला वळसा घालून रक्त मेंदूत पोहोचते. १९६७ मध्ये झुरिचला डॉ. गाझी याशारगिल यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली.

मग पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला ती का करत नाहीत? १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३७७ रुग्णांच्या चाचणीत औषधोपचारापेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. आज ती मुख्यतः ‘मोयामोया’साठी करतात. या आजारात मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात. अशा मुलाचा हात रडताना किंवा गरम घास फुंकताना काही मिनिटे लुळा पडू शकतो. तो आपोआप बरा झाला, तरी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच.

अचानक येणाऱ्या पक्षाघातात मात्र खरा प्रश्न वेळेचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. कर्जतहून लोकलने मुंबई गाठायलाच सुमारे दोन तास लागतात. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत येण्याचा वेळ वेगळा. म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. घड्याळ पाहा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.