सेकंदाचा दहा लाखावा भाग

पोखरणच्या वाळवंटात १८ मे १९७४ रोजी भारताचा अणुस्फोट व्हायचा होता सकाळी ८ वाजता. झाला ८ वाजून ५ मिनिटांनी. कारण काय, तर स्फोटाच्या जागी कॅमेरा तपासायला गेलेल्या अभियंत्याची जीप सुरूच होईना! तो चालत परतला, पण जीप हलवण्यात वेळ गेला. १०७ मीटर खोल खड्ड्याच्या तळाशी जे घडणार होतं, त्याला सेकंदाचा दहा लाखावा भागही पुरे होता. जीपने खाल्लेल्या पाच मिनिटांत ते तीस कोटी वेळा घडून गेलं असतं.

या स्फोटाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र चक्रावून टाकतात त्यातली वेगवेगळी घड्याळं.

सर्वांत संथ घड्याळ मुंबईत, ट्रॉम्बेला. कॅनडाच्या मदतीने उभारलेली ४० मेगावॉटची सायरस अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. तिथे युरेनियमचा अणू न्यूट्रॉन गिळतो आणि काही दिवसांत प्लुटोनियम होऊन बसतो. भट्टी पूर्ण ताकदीने चालली, तरी दिवसाकाठी जेमतेम ३०-४० ग्रॅम. पोखरणला लागलं सुमारे ६ किलो.

आणि हा धातू तरी किती लहरी! साध्या दाबाखालीच, नुसत्या तापमानानुसार, तो सहा रूपं बदलतो. स्फोटासाठी तो चहूबाजूंनी दाबावा लागतो; पण प्रचंड दाबाखाली तो किती आक्रसेल, हे अण्वस्त्रधारी देशांनी गुपित ठेवलेलं. या स्फोटामागचे प्रमुख शास्त्रज्ञ राजा रामण्णांनी ते गणित तरुण भौतिकशास्त्रज्ञ राजगोपाल चिदंबरम यांच्याकडे सोपवलं.

दाब तरी द्यायचा कसा? ओली कणीक मुठीत आवळली की बोटांच्या फटींतून निसटते, प्लुटोनियमचंही तेच. म्हणून त्याच्याभोवती जलद आणि संथ जळणारी स्फोटकं अशा आकारात रचतात, की सगळ्या बाजूंनी येणारी लाट एकाच क्षणी केंद्राकडे पोचावी. हे काम चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेने केलं.

प्लुटोनियमचा गोळा पुरता दबला की स्फोट पेटवायला नेमके तेव्हाच न्यूट्रॉन हवेत. त्यासाठी मध्यभागी पोलोनियम आणि बेरिलियमची जोडी. पोलोनियमचे कण बेरिलियमवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात. पण हे पोलोनियम १३८ दिवसांत निम्मं उरतं, त्यामुळे ते आधीच करून कपाटात ठेवायची सोय नाही.

सरकारने पोखरणच्या या स्फोटाला 'शांततामय' म्हटलं. १९९७ मध्ये खुद्द रामण्णांनीच तो बॉम्ब होता, असं सांगून टाकलं. त्याची ताकद किती होती, यावर अजून वाद आहे: अधिकृत आकडा १२ किलोटनांचा, परदेशी अंदाज त्याहून बरेच कमी. चिडलेल्या कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं. सायरस मात्र डिसेंबर २०१० मध्ये कायमची बंद होईपर्यंत ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर काम करत राहिली.