अठरा वर्षं झाली की विचारणारं कोणी नाही

बीड जिल्ह्यात सोयरिकीची बोलणी सुरू झाली की चहा यायच्या आत एक प्रश्न येतोच : “पोराचे वडील काय करतात?” ज्याच्या आईला नवऱ्यानं वीस वर्षांपूर्वी टाकलं, त्या पोराकडे याचं उत्तर तयार असतं. कोणी म्हणतं, पुण्याला असतात. कोणी सरळ सांगतं, वारले. प्रत्यक्षात बाप दोन गावं पलीकडे दुसरा संसार थाटून बसलेला असतो आणि बैठकीतल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक असतं. मामा मध्ये पडतो, पोराच्या नोकरीचं, शेताचं काहीतरी काढतो. पोरगा खाली बघत बसतो. पंचविशीतला, कमावता, आईला सांभाळणारा माणूस त्या पाच मिनिटांत पुन्हा सहा वर्षांचा होतो.

अशा घरांत कोर्टाचा कागद बहुतेकदा नसतोच. बॉन्डवर दोन्हीकडच्या चार माणसांच्या सह्या घेऊन फारकत होते. कधी तेवढंही होत नाही. बाई माहेरी येते आणि तिला परत न्यायला कोणी येत नाही. २०११च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून १३ लाख ६० हजारांच्या आसपास माणसं नोंदली गेली, आणि नवरा-बायको वेगळे राहतात अशी नोंद झालेली माणसं त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. कागदावर मोडलेल्या संसारांपेक्षा कागदाविना मोडलेले कितीतरी जास्त आहेत. त्या संसारांत जन्मलेली मुलं आज विशीत-तिशीत आहेत.

ती लहान असताना काही ना काही सोय होती. राज्याची बालसंगोपन योजना एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये देते. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. पण बालसंगोपनाचा हप्ता अठराव्या वर्षी थांबतो आणि मुलाची पोटगीही सज्ञान झाल्यावर सहसा बंद होते. बालगृहात वाढलेल्यांना अनुरक्षण गृह निदान एकविसाव्या वर्षापर्यंत आसरा देतं. आईजवळ, आजोळी वाढलेल्या पोरासाठी तेही नाही. सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं की पोरगं मोठं झालं, आई-बापाचं भांडण जुनं झालं, आता लग्न करून मार्गी लागावं.

नेमकं इथंच दुखणं वर येतं.

अमेरिकेत ज्युडिथ वॉलरस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत घटस्फोट झालेल्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा माग घ्यायला सुरुवात केली आणि पंचवीस वर्षं तो सोडला नाही. २००० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातलं निरीक्षण आजही अंगावर येतं. जी मुलं लहानपणी सावरलेली दिसत होती, ती स्वतः जोडीदार निवडायच्या वयात अडखळली. कोणी लग्नच टाळत राहिलं, कोणी पहिल्या भांडणाला ‘आता हेही मोडणार’ म्हणून घाबरलं. मेव्हिस हेदरिंग्टन या दुसऱ्या अभ्यासक बाईंनी याहून कितीतरी जास्त कुटुंबं पाहिली आणि २००२मध्ये चित्र एवढं काळं नाही असं सांगितलं. त्यांच्या मते बहुतेक मुलं सावरतात. गंभीर अडचणी साधारण २० ते २५ टक्क्यांना येतात आणि न मोडलेल्या घरांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असतं. हेदरिंग्टनबाईंचा हिशेब धरला तरी चार-पाच मुलांमागे एक मूल उरतं. त्या एकाकडे बघायचं कोणी?

कॅथलिक चर्चमध्ये काही माणसांनी हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला. अमेरिकेतल्या डॅन आणि बेथनी मेओला या दांपत्यानं ‘लाइफ-गिव्हिंग वून्ड्स’, म्हणजे जीवन देणाऱ्या जखमा, या नावाचं काम उभं केलं. डॅन स्वतः मोडलेल्या घरातला मुलगा. या कामावरचं त्यांचं पुस्तक २०२३मध्ये निघालं. काम फक्त सज्ञान मुलांसाठी आहे : ज्यांचे आई-बाप वेगळे झाले आणि ज्यांना आज कोणी ‘बाळा, तुझं कसं चाललंय’ म्हणून विचारत नाही. कॅथलिक चर्चच्या शिकवणीनुसार विधिवत झालेलं लग्न मरणापर्यंत मोडत नाही, घटस्फोटाला तिथं मान्यता नाही. अशा समाजात घर मोडलेल्या मुलाची कोंडी दुहेरी होते. घरात बोलता येत नाही, आणि चर्चमध्ये बोलावं तर आई-बापाची बदनामी होईल ही धास्ती.

हे काम चालतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. काही जण आठवड्याअखेरीच्या तपसाधनेला एकत्र येतात, काही ऑनलाइन गटांत काही आठवडे भेटत राहतात. व्याख्यान असतं, ख्रिस्तयाग, म्हणजे मिस्सा, असतो, पवित्र साक्रामेंतासमोरची, म्हणजे अभिमंत्रित भाकरीसमोरची, मूक आराधना असते, ज्याला हवं त्याला फादरांजवळ पापनिवेदनही करता येतं. पण कामाचा गाभा लहान गटात आहे. गट चालवणारा माणूस बहुधा स्वतः अशाच घरातला असतो. गटात बोललेलं बाहेर जात नाही. एक जण बोलत असताना दुसरा सल्ला देत नाही, ‘माझं तर याहून वाईट होतं’ असं म्हणत नाही, आई किंवा बाप यांच्यापैकी कोणाचा दोष याचा निवाडा करत नाही. आपल्याकडे दुःख ऐकणाऱ्याची जीभ लगेच उपदेशाकडे वळते. तिथं ती धरून ठेवायला शिकवतात, आणि माणूस बोलू लागण्याचं अर्धं कारण मला तेच वाटतं.

सुरुवात क्षमेपासून होत नाही, आणि या पद्धतीचं मोठेपण यातच आहे. धार्मिक मंडळींना क्षमेची घाई फार असते. इथं आधी काय गेलं ते उच्चारायचं असतं : दोघं एका ताटावर बसलेले आठवत नाहीत हे गेलं, सणाला कुठल्या घरी जायचं याचा निर्धास्तपणा गेला, आई-बापाकडे बघून लग्न म्हणजे काय ते शिकायचं राहून गेलं. मग रागाची पाळी येते. मग भीतीची, म्हणजे माणसावर विश्वास टाकण्याच्या भीतीची. त्यानंतर हद्दीचा विषय निघतो : आईच्या मनातलं सगळं ऐकून घेणं हे मुलाचं काम आहे का, बापानं अचानक फोन करून पैसे मागितले तर काय म्हणायचं. क्षमा या सगळ्याच्या नंतर येते. क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच छळाच्या घरात जाऊन बसायचं असं नव्हे, हेही स्पष्ट केलं जातं.

श्रद्धेचा एक पेच फक्त आतल्या माणसालाच कळतो. ख्रिस्ती माणसाची रोजची प्रार्थना देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारूनच सुरू होते. ज्याचा बाप निघून गेला किंवा दारू पिऊन मारायचा, तो त्या पहिल्याच शब्दाशी अडतो. गटात हे बोलायला परवानगी असते. तिथं योहानाच्या शुभवर्तमानातला, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा प्रसंग समोर ठेवला जातो : पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा तशाच राहिल्या, आणि त्याच दाखवून त्यानं शिष्याला जवळ घेतलं. कामाच्या नावाचा अर्थ तिथं उमगतो. जखम पुसून टाकण्याचं आश्वासन इथं कोणी देत नाही.

आणखी एक प्रश्न या मुलांच्या मनात खोल रुतलेला असतो. आई-बापाचा विवाह मुळातच वैध नव्हता असा निर्णय चर्चच्या न्यायालयानं दिला, तर आपण अनौरस ठरतो का? चर्चच्या कायद्याचं कलम ११३७ याचं उत्तर देतं : मुलं औरसच राहतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ही न्यायालयीन प्रक्रिया सोपी केली आणि २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात वेगळ्या झालेल्या आई-बापांना मुलांना ओलीस न धरण्याबद्दल कळकळीनं बजावलं. ‘मुलं औरसच राहतात’ हे एक वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं तर किती पोरांची किती वर्षं वाचली असती.

बीड जिल्हा औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात येतो. इथली ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. पण दुखणं थोडं नाही आणि ते जात-धर्म पाहून येत नाही.

इथल्या दुखण्याला ऊसतोडीनं स्वतःचा आकार दिला आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला : नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. टाकलेल्या बाईला तोडीला जायचं तर दुसरा अर्धा कुठून तरी आणावा लागतो. कधी भाऊ, कधी दीर, आणि पोरगं हाताशी आलं की पोरगं. पहाटेच्या अंधारात ते फडात उतरतं, मोळ्या बांधतं, गाडी भरतं, आणि आईच्या जोडीदाराची जागा भरून काढतं. मानसशास्त्र ज्याला मुलावर लादलेलं पालकपण म्हणतं, ते इथं मुकादमाच्या वहीत लिहिलेलं सापडेल. असं पोरगं मोठेपणी लग्नाला उभं राहतं तेव्हा त्याच्या मनात एकच विचार असतो : मी बायकोचा झालो तर आईचं काय?

मुलींचं आणखी वेगळं. आई तोडीला गेली तर वयात आलेली पोर मागे कोणाकडे ठेवायची, या काळजीपोटी तिचं लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१च्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. कच्च्या वयातलं लग्न मोडण्याची शक्यता मोठी. म्हणजे टाकलेल्या आईची लेक पुन्हा टाकली जाण्याच्या वाटेवर उभी राहते. आईच्या दुःखाची मुलीच्या आयुष्यात अशी पुनरावृत्ती होताना पाहणं फार कठीण आहे.

आईसाठी मात्र या जिल्ह्यात मोठं काम झालं आहे, ते अभिमानानं सांगायला हवं. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२मध्ये ‘मानवलोक’ उभी केली आणि प्रा. शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’ प्रकल्पातून संकटातल्या बायकांना आसरा, कायद्याचा आधार आणि कामधंदा दिला. अलीकडे एकल महिला संघटनेनं मराठवाड्यातल्या विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित बायकांना एकत्र आणलं, हळदी-कुंकवापासून रेशनकार्डापर्यंत त्यांचा हक्क मागितला. त्या बायका आज सभेत माईक हातात घेऊन बोलतात. त्यांच्या पोरांना असा माईक मिळालेला नाही. मुलग्यांना तर नाहीच. त्यांच्याकडे फक्त ‘आता तूच घरातला कर्ता’ एवढं वाक्य आहे.

आपल्या परंपरेत मात्र या पोरांची सगळ्यांत मोठी कथा आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत संसार सोडून संन्यासी झाले, गुरूंच्या आज्ञेनं परतले आणि त्याची शिक्षा चार लेकरांनी भोगली. संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलं. आई-बाप प्रायश्चित्त म्हणून देह सोडून गेले आणि मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली. पैठण बीडच्या शिवेला लागून आहे, आणि त्यांचं मूळ गाव आपेगावही गोदाकाठी तिथंच. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा परंपरा सांगते की त्यांची समजूत घालायला धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी उभी राहिली. ताटीचे अभंग त्यातूनच आले. ज्या घावानं भाऊ आत कोंडला होता, तोच घाव मुक्ताईनंही सोसला होता, म्हणून तिच्या बोलण्याला दार उघडलं. मेओला दांपत्याच्या गटांत आजही हेच घडतं : तसाच घाव सोसलेला माणूस समोर बसतो.

कॅथलिक काम जसंच्या तसं उचलून बीडला आणता येणार नाही. साक्रामेंत, पापनिवेदन हे त्या श्रद्धेचं आहे आणि तिथंच शोभतं. मोठ्या मंडपातल्या आरोग्यदानाच्या प्रार्थनासभा लोकप्रिय आहेत, पण या दुखण्याला हजारोंची गर्दी चालत नाही. घेण्यासारखी आहे ती बैठकीची शिस्त : थोडी माणसं, गुप्तता, सल्लाबंदी, क्षमेची घाई नाही, आणि चालवणारा त्याच वाटेनं आलेला. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. तोडीचा हंगाम आटोपून माणसं एप्रिल-मेमध्ये गावी परततात. लग्नसराईही तेव्हाच असते आणि सोयरिकीच्या बैठकीतला तो प्रश्नही.

म्हणून बीड, अंबाजोगाई, गेवराई, आष्टीकडच्या संस्थांना, महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांना, चर्चच्या फादरांना आणि गावोगावच्या कीर्तनकारांना एकच विनंती आहे. टाकलेल्या बाईची नोंद घ्याल तेव्हा तिच्या अठरा ओलांडलेल्या मुलांची नावंही त्याच वहीत लिहा. उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी त्यांना बोलवा, आणि पहिल्या बैठकीत फक्त ऐका.